न खेळता पुढे सरकणारी टीम

मधुकर पड्याळांना कुणी आनंदाची बातमी सांगायला गेलं की ते आधी चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, “कोणाशी?”

बातमी कसलीही असो. सावंतांचा मुलगा वर्गात पहिला आला म्हणून सावंत पेढे घेऊन आले. पड्याळांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “पहिला आला, छान. पण कोणाशी?” सावंत गोंधळले. “कोणाशी म्हणजे? वर्गातल्या मुलांशी.” “ती मुलं कशी आहेत?” “मला काय ठाऊक?” “मग सावंत, पेढे जरा घाईने आणलेत.” हे बोलून त्यांनी दुसरा पेढा उचलला. कुणाचं लग्न ठरलं तर हा प्रश्न तेवढा शोभून दिसे. पण तिथेही त्यांचा पुढचा प्रश्न तयारच असायचा: “तिला आधी सांगून आलेली स्थळं कशी होती? म्हणजे तुमची किंमत कळेल.”

मी बहारीनला आलो तो नव्वदच्या दशकातला एक जानेवारी होता. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी आणि मनामा शहरातल्या माहूजमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली एक खोली. दुसरीत पड्याळ. मूळचे संगमेश्वरकडचे, वय पन्नाशीच्या आसपास, बायको-मुलगी गावी. जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघायचे. मी बॅग घेऊन आत शिरलो तेव्हा ते टेबलावर चादर घालून इस्त्री करत होते. शर्ट असेल असं वाटलं. जवळ गेलो तर वर्तमानपत्र.

“अमेरिकेचं आहे,” ते मान वर न करता म्हणाले. “क्रोकरीच्या पेटीत चुरगळून येतं. सरळ केल्याशिवाय आकडे वाचता येत नाहीत.”

आकडे होते कॉलेज बेसबॉलचे. पड्याळांनी आयुष्यात बेसबॉलचा सामना सोडा, चेंडूसुद्धा पाहिला नव्हता. मिसिसिपी नकाशात कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. पण तिथलं कुठलं कॉलेज कुणाशी खेळलं, जिंकलं की हरलं, हे ते इस्त्री केलेल्या कागदावरून वाचायचे आणि कॅल्क्युलेटर घेऊन त्यांचे नंबर लावायचे. कागद येईपर्यंत तिकडे पुढचे सामने होऊन गेलेले असत. “म्हणून काय झालं?” ते म्हणत. “आपल्याला जे कळलं नाही ते अजून व्हायचंच आहे.”

ही विद्या त्यांना हॅरिस नावाच्या एका अमेरिकन माणसाने दिली होती. तो जहाजांची ऑर्डर घेऊन त्यांच्या ऑफिसात येई. पुढे त्याची बदली झाली, विद्या इथेच राहिली. पड्याळांनी ती मला दुसऱ्याच दिवशी पोहे खाताना समजावली.

“हे बघा देशमाने, तिकडे कॉलेजं ढीगभर. सगळी सगळ्यांशी खेळणार कशी? उत्तरेकडे बर्फ असतो, त्या बिचाऱ्यांना सुरुवातीचे सामने दुसऱ्याच्या दारात जाऊन खेळावे लागतात. कुणाच्या नशिबी गावठी टीमा, कुणाच्या नशिबी पहिलवान. मग नुसते विजय मोजून चालेल? चालणार नाही. म्हणून काय करायचं, रुपया घ्यायचा. त्यातले चार आणे तुम्ही किती जिंकलात त्याचे. आठ आणे, तुम्ही ज्यांच्याशी खेळलात ते किती जिंकले त्याचे. आणि उरलेले चार आणे, ते ज्यांच्याशी खेळले ते किती जिंकले त्याचे. झाला रुपया.”

“म्हणजे माझे स्वतःचे चारच आणे?”

“तेसुद्धा पुष्कळ झाले,” पड्याळ म्हणाले. “आपलं आपल्या हातात असतं ते तेवढंच. बाकी बारा आणे शेजार.”

मी त्यांना खूश करावं म्हणून म्हणालो, “पोहे मात्र या फ्लॅटमध्ये तुमच्याइतके चांगले कुणी करत नाही.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “कोणाशी? तुमच्याशी?” तेव्हापासून मी स्वयंपाकाचा विषय काढला नाही.

इथवर सगळं मजेचं होतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला त्या दिवसापासून जरा टोचत राहिली. तुम्ही खेळलात, घरी गेलात, झोपलात. तरी तुमचा नंबर जागचा राहत नाही. तुम्ही ज्याला कधीतरी हरवलंत तो पुढे कुठे जिंकला, की तुमचा जुना विजय जड होतो. तो हरत गेला तर हलका होतो. “होऊन गेलेली गोष्ट बदलत असते, देशमाने. आपल्याला पत्ताही नसतो.” हे ते हळू आवाजात म्हणाले, आणि खिडकीकडे बघत राहिले. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांखेरीज काही नव्हतं.

आता आमच्या क्रिकेटकडे येतो. मनामाबाहेर समुद्रात भराव टाकून केलेली मोकळी जमीन होती. तिथे दर शुक्रवारी सकाळी चटई अंथरून टेनिस बॉलची लीग चाले. लाँड्रीवाले, गॅरेजवाले, बँकेतली पोरं, सूकमधले म्हणजे बाजारातले दुकानदार, कामगारांच्या कॅम्पमधले सुतार-गवंडी अशा डझनभर टीमा. कुणाची शिफ्ट, कुणाची ड्यूटी, त्यामुळे सगळ्यांचे सगळ्यांशी सामने कधीच होत नसत आणि शेवटी पहिला नंबर कुणाचा यावरून भांडणं होत. सेक्रेटरी होते दापोलीकडचे हसनभाई, सूकमध्ये त्यांची चहाची कॅफेटेरिया होती. बॅटने डोकी फुटायची वेळ आली तेव्हा हसनभाईंनी पड्याळांचा रुपया लीगला लावून टाकला. अमेरिकेतल्या कॉलेजांचा नियम अशा रीतीने गॅरेजवाल्यांना लागू झाला. कुणाला तो कळत नव्हता म्हणून कुणी त्यावर भांडेना. कॅफेटेरियात एक पांढरा फळा होता. पड्याळ दर शुक्रवारी दुपारी त्यावर नंबर लिहीत, आणि पहिल्या चार टीमांची नावं मोसमाच्या शेवटी लीगच्या ढालीवर कोरली जात.

मला पहिल्याच आठवड्यात स्कोअररची जागा मिळाली. फळ्यावर नवव्या नंबरावर एक नाव होतं: झल्लाक इलेव्हन.

“ही वसंताची टीम,” पड्याळ म्हणाले. “माझा धाकटा भाऊ. झल्लाकला समुद्रकाठी हॉटेलचं काम चाललंय ना, तिथे सुतार आहे. कॅप्टन तोच.”

“या शुक्रवारी आहे का त्यांची मॅच?”

“या शुक्रवारी नाही.”

पुढच्या शुक्रवारीही नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. पण फळ्यावर झल्लाक इलेव्हन नवव्यावरून आठव्यावर आली. मग सातव्यावर. मी स्कोअरच्या वहीत मान घालून बसणारा माणूस, मला सगळ्या टीमांचे चेहरे पाठ झाले, आणि हे अकरा लोक मी एकदाही पाहिले नव्हते. लाँड्रीवाल्यांच्या कॅप्टनला विचारलं, तर तो म्हणाला, “हां, खेला है उनके साथ. हम हार गया,” आणि बॅट घेऊन हात मोकळे करायला लागला. त्या दिवशी त्याची बॅटिंग नव्हती. गॅरेजवाल्यांना विचारलं, तेही खेळले होते. बरेच जण कधी ना कधी त्यांच्याशी खेळले होते, आणि पुढे कुणी बोलत नव्हतं.

पड्याळ मात्र रोज बोलत. आमटी ढवळता ढवळता म्हणत, “वसंताला लाँड्रीवाल्यांनी हात दिला बरं का आज. बसल्या जागी पुढे आला.” मी म्हणे, “बोलवा की एकदा त्यांना जेवायला.” यावर ते आमटीची चव घेत आणि मीठ घालत. एकदा तर, मला वाटतं, दोनदा घातलं.

आणि शुक्रवारी सामना कुणाचाही असो, पड्याळ छत्री घेऊन सीमेवर उभे. एका बाजूला उभं राहून टाळ्या वाजवायचे. कुणासाठी, हे लक्षात यायला मला वेळ लागला. झल्लाक इलेव्हन ज्यांच्याशी खेळली होती त्या टीमांसाठी. त्या हरायला लागल्या की हे घामाघूम होत. दोन्ही टीमा तशाच निघाल्या तर दोघांनाही टाळ्या देत आणि घरी आल्यावर डोकं दुखतं म्हणून पडून राहत.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी धुकं उतरलं. बहारीनचं धुकं समुद्रावरून येतं आणि जमिनीवर बसतं, उठायचं नाव घेत नाही. आमचं मैदान तर मुळात समुद्रच. हसनभाई म्हणाले, थांबू या, पण लोकांना दुपारी ड्यूटीवर जायचं होतं. सुरू केलं. स्कोअरच्या खुर्चीवरून मला यष्टी कशीबशी दिसत होती, सीमेवरचे खेळाडू तर मुळीच नाही. एकाने चेंडू लांब टोलवला. तो धुक्यात गेला. मिडविकेटवरचा पोरगा त्याच्यामागे धावत गेला आणि तोही दिसेनासा झाला. मग भलत्याच बाजूने, जिथे कुणीच उभं नव्हतं तिकडून, चेंडू जमिनीला धरून सणसणत परत आला आणि थेट कीपरच्या हातात. थोड्या वेळाने तो पोरगा धुक्यातून रिकाम्या हाताने धापा टाकत आला. “बॉल मिला नहीं,” म्हणाला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पड्याळ माझ्या शेजारी छत्री टेकून उभे होते. ते हसले.

“वसंताचा थ्रो असाच सपाट येतो,” ते म्हणाले.

मी वही मिटली. त्या दिवशी पड्याळ फळा लिहून गेल्यावर तडक हसनभाईंच्या कॅफेटेरियात गेलो आणि म्हणालो, “हसनभाई, ही झल्लाकची टीम आहे तरी कुठे?”

हसनभाईंनी हातातला फडका खांद्यावर टाकला. “अरे, तू त्याच्या घरात ऱ्हातोस ना? तुला कोनी सांगितलान नाय?”

मग त्यांनीच सांगितलं. वसंता पड्याळांपेक्षा पुष्कळ लहान. वडील लवकर गेले, पड्याळांनीच त्याला शिकवलं, त्यांनीच व्हिसा काढून इथे आणला. झल्लाकच्या सुतार-गवंड्यांची टीम त्याने उभी केली. मोसम सुरू झाला आणि ते समोर येईल त्याला हरवत सुटले, पण समोर आलेल्या टीमा तेव्हा सगळीकडेच हरत होत्या, म्हणून नंबर खालीच राहिला. डिसेंबरात एका सुट्टीच्या दिवशी पोरं समुद्रात उतरली. बाकीची परत आली, वसंता आला नाही. दुसऱ्या दिवशी मिळाला. “कोकनातला पोर,” हसनभाई म्हणाले, “नदीच्या पुरात उडी मारनारा. त्या झल्लाकच्या पान्यात तर कमरेच्या वर पानी नाय.” पड्याळ त्याला घेऊन गावी गेले, तेरावा करून परत आले. तोवर हॉटेलचं लाकडी काम उरकलं होतं आणि कारागीर आपापल्या देशी गेले होते. टीम संपली. “त्या शुक्रवारी मी फळ्यावरनं नाव पुसाया घेतला. मदू म्हनाला, हसन, थांब. तो अजून सरकतोय.”

हसनभाईंनी मग फळ्याला हात लावला नाही.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा पड्याळ इस्त्री करत होते. मी पुढचा चुरगळलेला कागद सरळ करून त्यांच्या हातात दिला. त्यांना कळलं असणार, कारण त्या दिवसापासून मी शुक्रवारी टाळ्या वाजवायला लागलो. स्कोअररने पक्षपात करू नये हे मला मान्य आहे. मी एका हाताने लिहीत होतो आणि दुसरा मांडीवर वाजवत होतो.

मार्च सरला, ऊन तापलं. झल्लाक इलेव्हन सहावी, मग पाचवी. कमिटीत कुजबूज सुरू झाली. नसलेल्या टीमचं नाव ढालीवर कोरायचं? बँक इलेव्हनचे काही जण म्हणाले, हे बरं दिसत नाही, भीती वाटते. चौथा नंबर त्यांचाच होता, तेव्हा भीतीचं कारण समजण्यासारखं होतं. हसनभाईंनी एका वाक्यात निकाल दिला: “रुपयात बसली तर कोरनार. खलास.”

लीगचा शेवटचा सामना एप्रिलअखेर आला, आणि नेमका बँक इलेव्हन आणि लाँड्रीवाले यांच्यात. लाँड्रीवाले जिंकले तर झल्लाक चौथी. हरले तर बँक चौथी आणि झल्लाक पाचवी. आदल्या दिवसापासून पड्याळ जेवले नाहीत. सकाळी छत्री उघडताना मला म्हणाले, “देशमाने, आज काहीही होवो. आजच्यानंतर त्याचा नंबर हलणार नाही.” तेव्हा मला उमगलं की त्यांना ढालीचं नाही, या शेवटाचं भय वाटतंय. भाऊ डिसेंबरात गेला होता, पण पड्याळांच्या हिशेबात दर शुक्रवारी तो थोडा थोडा चालत होता. मैदानावर कुणी ना कुणी खेळत होतं तोवर.

बँकेने आधी बॅटिंग केली. मग लाँड्रीवाले आले आणि काहीतरी विचित्र घडायला लागलं. बँकेचा कॅप्टन मॅथ्यू एरवी पंचांशी वाइडवरून वाद घालणारा माणूस. तो आज आपल्या बोलरच्या कानाशी लागला, आणि बोलर हलके फुलटॉस टाकायला लागले. सोपे झेल सुटले. एकाने तर चेंडू अडवायच्या ऐवजी पाय उचलला. सगळ्या मैदानाने ठरवलं होतं, पड्याळांच्या भावाला चौथा करायचा.

पड्याळ छत्रीसकट मैदानात घुसले. थेट चटईवर.

“मॅथ्यू! ये क्या चल रहा है?”

“पड्याळ साब, आप बैठिए ना. सब ठीक है.”

“क्या ठीक है? मेरा भाई इनसे खेला था. ये लोग ऐसे जीतेगा तो उसका आठ आना खोटा हो जाएगा.” पड्याळांचा आवाज फाटला. “बारीक नंबर चलेगा. खोटा नहीं चलेगा. बराबर डालो!”

मग मॅथ्यूने टोपी काढली, परत घातली आणि सगळ्यांना आपापल्या जागी पाठवलं. पड्याळ चालत सीमेवर आले. त्यानंतर तसा सामना मी बहारीनमध्ये दुसरा पाहिला नाही. बोलर जीव तोडून टाकत होते, लाँड्रीचे लोक जीव तोडून मारत होते. शेवटच्या षटकात लाँड्रीवाल्यांना एक चौकार हवा होता. त्यांच्या शेवटच्या गड्याने चेंडू असा उचलला की आम्ही सगळे उभे राहिलो. लाँगऑनला बँकेचा जोसेफ, मागे थोडा भराव आणि मग नुसतं पाणी. तो उलटा धावत अगदी कडेपर्यंत गेला आणि समुद्राकडे पाठ करून त्याने झेल घेतला. बँक जिंकली.

जोसेफला उचलून आणलं. पण त्याचा चेहरा उतरला होता. तो माझ्यापाशी आला. बिचारा नव्यानेच कोट्टायमहून आलेला, त्याला धड हिंदीही येत नव्हती.

“साब, ‘तुझा’ मतलब क्या?”

“क्यूं?”

“मेरे पीछे से कोई भागके आया. बोला, ‘तुझा, तुझा.’ फिर रुक गया. मैं कॅच लिया.”

मी त्या कडेकडे पाहिलं. तिथे उभं राहायला जागाच नव्हती. आता मी शिकलेला माणूस, मला असं म्हणणं भाग आहे की प्रेक्षकांतलं कुणी ओरडलं असेल आणि वाऱ्याने आवाज तिकडे नेला असेल. वारा त्या दिवशी नव्हता.

पड्याळांनी ऐकलं होतं. ते जोसेफपुढे येऊन उभे राहिले. “क्या बोला? फिर से बोलो.”

“तुझा, तुझा,” जोसेफ घाबरत म्हणाला.

पड्याळांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बराबर. तुम्हारा ही कॅच था,” म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “दुसऱ्याचा झेल असला की वसंता असाच ओरडायचा. हव्यासाने मध्ये घुसायचा नाही कधी.” चष्म्याखालून पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलं नाही. “देशमाने, मला झल्लाकला नेता का? डिसेंबरपासून गेलो नाही मी तिकडे. हिंमत झाली नाही.”

हसनभाईंच्या पिकअपमधून आम्ही तिघे गेलो. हॉटेल पूर्ण झालं होतं. लाकडी जाळ्यांच्या गॅलऱ्या, त्यांवर ताजं पॉलिश चमकत होतं. पड्याळांनी एका कठड्यावरून हात फिरवला. सांधा तपासल्यासारखा अंगठा दाबला आणि समाधानाने मान हलवली. तो वसंताने केलेला होता की दुसऱ्या कुणी, हे सांगायला तिथे कुणी उरलं नव्हतं.

मग ते किनाऱ्यावर गेले. भर दुपार. समुद्र इतका सपाट की लाट म्हणून नाही. हसनभाई सावलीत थांबले. पड्याळांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरले. मी दोन पावलं मागे. मला ते पाणी आवडत नव्हतं, तरी गेलो.

“वसंता,” ते म्हणाले. नेहमीच्या आवाजात, जेवायला हाक मारावी तसे. “पाचवा आलास रे. हाडाच्या टीमांशी खेळून पाचवा. कुणी तुला काही फुकट दिलेलं नाय, मी देऊ दिलं नाय.” जरा थांबले. “मीच आणला तुला हिकडं. आणि मग गेल्यावरही सोडला नाय. दर शुक्रवारी उठवत ऱ्हायलो.”

पाणी आमच्या पायांभोवती हललं नाही. ते पुष्कळ वेळ उभे राहिले, कान देऊन. मीही कान दिला, खोटं कशाला बोलू. काही आलं नाही.

मग पड्याळांनी माझा दंड धरला, आधारासाठी, आणि आम्ही काठाकडे वळलो. “हळू चला, देशमाने,” ते म्हणाले. “पाणी वाजवू नका. झोपू दे त्याला आता.”